मोगऱ्याला दिलेला ताण

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला त्यांच्याच मोगऱ्याची फुलं फोटोला वाहायची जबाबदारी मी घेतली होती, आणि फूल एकही आलं नाही.

हा मोगरा आमच्या कर्वेनगरच्या गच्चीवर त्यांनीच लावलेला. श्राद्ध फाल्गुनाच्या अखेरीस. त्या गेल्यापासून सासरे, म्हणजे अण्णा, फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, "पहिल्या बहराची फार हौस तिला. जमलं तर बघ."

मी कागद घेतला. नळाला पाणी दिवसाआड, त्यामुळे गच्चीवर माझी यादी चालते. बोगनवेलीला एक तांब्या, सदाफुलीला अर्धा, कोरफडीला काही नाही (तिची तक्रार नसते). मोगऱ्याचं नर्सरीवाल्याला विचारलं.

"ताण द्या, ताई. दीड महिना पाणी तोडा. पानं गळली की छाटा, मग भरपूर पाणी. कळ्याच कळ्या येतील."

'मोगरा – पाणी बंद' असं लिहून मी खाली दोन रेघा मारल्या आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथेच मला संशय यायला हवा होता.

दीड महिन्यात एक पान गळलं नाही. उलट नवी पालवी! झाड हट्टी आहे (घराण्याला साजेसं), असं ठरवून मी ताण आणखी पंधरा दिवस वाढवला. मोगरा कुंडीबाहेर ओसंडला. कळीचा पत्ता नाही.

श्राद्धाच्या सकाळी फुलांचं तबक रिकामं. मी विचारलं, "पाणी कोणी घातलं होतं का?"

"मी," मुलगी मुग्धा म्हणाली. ती हिंजवडीत नुकतीच नोकरीला लागलेली. "कंपनीच्या बसला निघताना बाटलीभर. आजीचं झाड वाळवत होतीस तू."

"मीपण," पेपरमागून हे म्हणाले. "दाढीचं उरलेलं. साबण फारसा नसायचा."

अण्णा फोटो पुसत म्हणाले, "मी रोज दोन तांबे. अंघोळीतले वाचवून."

मग ते गच्चीवर गेले, ओंजळभर हिरवी पानं घेऊन आले आणि फोटोपुढे ठेवली.

"फुलं नाहीत, पण झाड जगवलं आम्ही," ते फोटोला म्हणाले. "घरात तुझ्या झाडाला पाणी न घालणारं माणूस एकच निघालं."

गुरुजींसकट सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंच्या श्राद्धाला घरातली सगळ्यात दुष्ट बाई मी ठरले, तेही नर्सरीवाल्याच्या सूचना तंतोतंत पाळून.