बावीसची स्प्रिंग

रात्रीतून वीतभर बर्फ पडलं आणि उजाडता उजाडता नदीवरून असं वारं सुटलं, की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत गोठावं. एमिल ह्रित्झने कोळशाच्या शेगडीतली राख बादलीत काढली आणि दारापुढच्या पायऱ्यांवर पसरायला घेतली. सातही पायऱ्या झाल्या. फाटकाजवळ टपालाची पेटी होती. नव्या बर्फाखाली तिथलं जुनं बर्फ पोस्टमनच्या रोजच्या पायांनी तुडवून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. एमिलने त्याच्याकडे बघितलं, बादलीत बघितलं, आणि बादली घेऊन घरात आला.

"फाटकापाशी टाकलीस का?" चुलीपुढून व्हर्नाने विचारलं.

"राख संपली."

"रिकामी बादली वाजती, एमिल. ही वाजली न्हाई."

एमिलने बादली शेगडीआड सरकवली. बायकोच्या कानाला तीस वर्षांत तो एकदाही फसवू शकला नव्हता.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या नदीकाठावर तेव्हा काचेचा कारखाना धडाक्यात चालायचा. एमिल तिथल्या साच्यांच्या खात्यात लेथवर राबला आणि साठीला टेकल्यावर बाहेर पडला. पण गावात त्याची ओळख काचेची नव्हती. स्लोव्हाक मंडळींच्या हॉलखाली, तळघरात, नेमबाजीचा क्लब होता आणि तिथं सगळे त्याला मिस्त्री म्हणत. कारण पंचेचाळीस मापाच्या गोळीचं पिस्तूल बावीसचं करून द्यावं ते एमिलनेच.

पंचेचाळीसची गोळी बोटाच्या पेराएवढी, महाग आणि दांडगी. बावीसची वाटाण्याएवढी, स्वस्त आणि गरीब. क्लबात दोन्हींच्या फेऱ्या व्हायच्या. आता एकाच माणसाने दोन पिस्तुलं वागवली तर हाताला दोन सवयी लागतात. म्हणून खालची मूठ आणि चाप तोच ठेवायचा, वरचा भाग आणि नळी तेवढी बदलायची. ऐकायला टोपी बदलण्याइतकं सोपं. एमिलला एका पिस्तुलाला तीन आठवडे लागायचे. दिव्याची काजळी लोखंडाला लावायची, जोडून बघायचं, जिथं काजळी पुसली तिथं कानशीचा एक हात, पुन्हा काजळी. "सूनबाईसारखं असतं," तो म्हणायचा. "ढकलून घरात बसत न्हाई. हळूहळू मुरवावं लागतं." अशी सव्वीस पिस्तुलं त्याने मुरवली होती, आणि हिवाळी स्पर्धेत बावीसची फेरी ओळीने नऊ वर्षं त्यानेच मारली होती. बक्षीस म्हणजे धुरावलेली डुकराची एक अख्खी मांडी. व्हर्ना ती कोबीत शिजवायची.

मग केंटकीकडून रॉइस टॅडलॉक आला. वय चौतीस, कामाला पोस्टात, आणि एमिलचीच गल्ली त्याच्या वाट्याला. उंच, हसरा, बोलघेवडा. व्हर्ना त्याला रोज फाटकाशी कॉफी द्यायची आणि तो काहीतरी असं बोलायचा की ती पदर नसलेली बाई ॲप्रन तोंडाला लावून हसायची. गॅरेजच्या खिडकीतून एमिल ते बघायचा आणि कानस उगाच जोरात चालवायचा. एवढंही त्याने गिळलं असतं. पण डिसेंबरात रॉइसने बावीसचा तयार संच, वरचा भाग आणि नळी सगळं, पिस्तुलाच्या कारखान्यातून टपालाने मागवला. स्वतःचं पार्सल स्वतःच वाहून आणलं आणि क्लबात सगळ्यांसमोर दोन मिनिटांत पिस्तुलावर चढवून दाखवलं. दोन मिनिटांत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. एमिलला वाटलं, आपल्या सव्वीस पिस्तुलांवर कुणी थुंकलं.

राख फाटकापर्यंत न पोचलेल्या त्या रविवारी, हिवाळी स्पर्धेच्या तासभर आधी, तोच रॉइस गॅरेजच्या दारात उभा राहिला. काखेत संचाचं खोकं.

"मिस्त्री, जरा बघता का? काल तीनदा अडकलं. गोळी सुटती, पर पुढची वर येत न्हाई."

एमिलने पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि वरचा भाग एकदाच मागे ओढला. बस्स. हाताला कळलं. स्प्रिंग पंचेचाळीसचीच राहिली होती. दांडग्या गोळीच्या धक्क्याला तोलायची ती जाड स्प्रिंग. वाटाण्याएवढी गोळी तिला काय मागे रेटणार? बकरीने नांगर ओढावा तसं ते.

तोंडात शब्द आले होते. इतक्यात खिडकीतून व्हर्नाचा आवाज आला, "रॉइस, जाताना दोन पिरोही खाऊन जा रं! बटाटं भरल्यात, गरम हायत!"

एमिलने पिस्तूल परत केलं. "नवं हाय. चालव तसंच. चालून चालून मोकळं हुईल."

"खरं म्हणता?"

"मी कधी खोटं सांगितलंय?"

रॉइस गेला. खोकं तिथंच राहिलं. एमिलने ते झटकलं तर घडीच्या पुठ्ठ्यातून बारीक, हलकी स्प्रिंग टेबलावर पडली. घाईत उघडताना राहून गेली असणार. काजळी लावून तीन आठवडे बसणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली नसती, ती दोन मिनिटांतच होते. दारातून हाक मारली असती तर रॉइस फाटकाशीच होता, तोंडात पिरोही घेऊन. एमिलने स्प्रिंग शर्टाच्या खिशात टाकली, पेन्सिलीशेजारी.

क्लबात ओल्या कोटांचा आणि लसणीच्या सॉसेजचा वास कोंडला होता. टेबलाशी व्हर्ना गुणांची बेरीज करायला बसली. फेरी चालवायला म्हातारा मेथोड साबोल, आवाज भोंग्यासारखा. शेजाऱ्याचा निशाणाचा कागद शेजाऱ्याने तपासायचा ही तिथली रीत, आणि एमिलच्या शेजारी नेमका रॉइस.

पहिल्या दहा गोळ्या सावकाशीच्या. रॉइस प्रत्येक गोळीनंतर हाताने पिस्तूल ओढत राहिला. एवढं करून शहाण्णव. एमिलचे पंच्याण्णव. पुढं वेळेच्या पाच-पाच गोळ्या, वीस सेकंदांत. पहिल्याच पाचात रॉइसचं अडकलं. त्याने हात वर केला. अडकण्याची सबब एकदाच चालायची. मेथोडने ती मान्य केली, पाच पुन्हा मारायला लावल्या. त्या कशाबशा सुटल्या, एकोणपन्नास. दुसऱ्या पाचात दोन सुटल्या आणि पिस्तूल मुकं झालं. आता सबब उरली नव्हती. एमिलचे दोन्ही पाचांचे मिळून सत्त्याण्णव.

"गेला पोस्टमन!" मागून कुणी ओरडलं. "पत्ता चुकला म्हणावं!"

एमिल रॉइसचा कागद तपासायला पुढं गेला. त्याला आत गुदगुल्या व्हायला हव्या होत्या. पण कागदाजवळ जाऊन तो थबकला. दोन गोळ्या, आणि भोक जवळपास एकच. अगदी मधोमध. जाड स्प्रिंगशी झोंबत मारलेल्या दोन गोळ्या!

त्याने वीस लिहिले. मग ते भोक बोटाने चाचपून बघितलं. न सुटलेल्या त्या तीन गोळ्या कुठं गेल्या असत्या? मधोमधच? की एखादी भरकटली असती?

कागद घेऊन तो टेबलाशी आला. व्हर्नाने वीस वाचले, मग त्याच्या खिशाकडे बघितलं.

"ते काय हाय पेन्सिलीजवळ?"

"स्प्रिंग."

"कुणाची?"

एमिलने कान चोळला. "खोक्यात व्हती."

"सकाळपासनं?"

व्हर्नाने नजर खाली घातली आणि बेरीज करायला लागली. कॉफीची किटली फिरली तेव्हा तिने एमिलचा पेला ओलांडून पुढच्याचा भरला.

तो रॉइसपाशी गेला. "आण इकडं." रिकामं पिस्तूल घेऊन त्याने बाकावर उघडलं आणि स्प्रिंग बदलली. त्यालाही दोन मिनिटंच लागली.

शेवटच्या दहा झटपट गोळ्यांत रॉइसने अठ्ठ्याण्णव मारले. एमिलचे त्र्याण्णव. तरी एकूण एमिलचे दोनशे पंच्याऐंशी आणि रॉइसचे दोनशे त्रेसष्ट. मेथोडने मांडी उचलून एमिलपुढं धरली. रॉइस सगळ्यांदेखत म्हणाला, "मिस्त्रींनी वाचवलं बरं का मला! न्हाईतर शेवटचीबी फेरी गेली असती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. या टाळ्या एमिलच्याच होत्या, पण त्याचे कान त्या न सुटलेल्या तीन गोळ्यांकडे लागले होते. उद्यापासून रोज हा फाटकाशी येणार, आणि रोज आपल्याला वाटणार की कदाचित, कदाचित तो आपल्यापेक्षा सरस असेल. हे 'कदाचित' त्याला सोसवेना.

"थांब मेथोड," तो म्हणाला. "मला सकाळीच कळलं व्हतं. स्प्रिंग माझ्या खिशात व्हती. त्याला त्या पाच परत मारू दे."

मेथोडने मांडी परत टेबलावर ठेवली.

"सकाळी?" रॉइसचं हसू पहिल्यांदाच उतरलं. "मी पिरोही खात व्हतो तवा?"

"व्हय."

"कशापायी?"

"आता मारतोस का न्हाई?" एमिल खेकसला.

रॉइसने मारल्या. एकामागून एक, शिलाई यंत्रासारख्या. कागद तपासायला एमिलच गेला, कारण रीत ती रीत. तीन मधोमध. दोन नवाच्या घरात, एक तर दहाच्या रेषेला जेमतेम चुकलेली. तिथंच पंचेचाळीसची गोळी असती तर तिच्या मोठ्या भोकाने रेषा गाठली असती. एमिलने भोकात मापाची खुंटी घालून तीनदा बघितलं. मग अठ्ठेचाळीस लिहिले.

दोनशे एक्क्याण्णव. सहा गुणांनी.

मांडी काखेत मारून रॉइस त्याच्याजवळ आला. "लबाड हायसा तुमी मिस्त्री."

"हाय."

"पर हलकी स्प्रिंग बशिवल्यावर बी ते वाईच घासतंय. काजळी लावून बघता का?"

एमिलने त्याच्याकडे बघितलं. राग तसाच होता, तसूभरही हलला नव्हता; फक्त आता त्याला सहा गुणांचं नेमकं माप मिळालं होतं. "शनिवारी आण," तो म्हणाला. "तीन आठवडे लागत्याल."

घरी जाताना व्हर्ना अर्धा रस्ता पुढं चालली. मग म्हणाली, "कोबी हाय. मांडी न्हाई. बटाटं घालते."

सोमवारी पुन्हा बर्फ. एमिलने शेगडीतली राख काढली आणि सात पायऱ्या केल्या. फाटकाशी येऊन तो जरा वेळ उभा राहिला. मग बादलीत हात घालून त्याने पेटीपुढं राख टाकली. मूठभरच, पण उरली होती तेवढी सगळी. आणि बादली वाजवत घरात गेला.