सुंदराक्काचा नंबर

निलंगे सरांची आणि माझी ओळख भांडणानं झाली. गौरवग्रंथात असं लिहू नये, असं संपादक मंडळातल्या एका सदस्यांनी मला सुचवलं. पण सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायचं आणि पहिल्याच ओळीत खोटं लिहायचं, हे मला जमणार नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. मी नायगावची; मराठीची शिक्षिका म्हणून शिरूर अनंतपाळच्या शाळेत रुजू झाले. शिरूर तेव्हा तालुकाही नव्हता. नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगवून झाल्या होत्या आणि विहिरी मात्र तळाला गेल्या होत्या. टँकर शाळेच्या फाटकाशी यायचा. तो कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळं सगळं गाव घागरी घेऊन तिथं बसलेलं असे. त्या रांगेत विज्ञानाचे वीरभद्र निलंगे सर मांडीवर पाठकोरे कागद घेऊन मोठ्यानं वाचत होते. अवकाशात युद्ध पेटलंय, शत्रूची तोफ बोली ओळखते, तिच्या भाषेत जबाब आला नाही की समोरचं यान उडवते, आणि आपल्या यानाचा कप्तान म्हणतोय, "थांब की बे, कामून घाई करून राहिला!"

मी पुढं होऊन म्हणाले, "सर, अवकाशातली माणसं अशी बोलतात का?"

सरांनी चष्मा वर केला. "मग कशी बोलतेत, बाई? तुमी जाऊन आलाव का?"

सगळी रांग हसली. मला असा राग आला, की घागर भरून घ्यायचीही मी विसरले. दुसऱ्या दिवशी सर स्वतः माझ्याकडं आले. "आमच्या कादंबरीत शत्रूच्या सेनापतीला माणूस भेटंना. तुमचा आवाज बरोबर हाय. घेता का?"

घेता का, म्हणजे काय, ते सांगायला हवं. रांगेत पिठाच्या गिरणीवाल्या पारूमावशी असत. यानावर सुंदराक्का नावाची दुभाषी होती, शत्रूची भाषा शिकलेली. तिचा एक संवाद ऐकून मावशी फणकारल्या होत्या, "ही बाई असं बोलायची न्हाई. लई गुळमुळीत हाय ह्ये." सरांनी विचारलं, "मग कशी बोलंल?" मावशींनी सांगितलं, सरांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "आजपासून ही तुमची." तेव्हापासून तो नियम झाला. प्रत्येक पात्राला गावातला एक पालक. पात्र काय करील ते सर ठरवणार, पण काय बोलेल ते पालकाला विचारल्याशिवाय कागदावर उतरणार नाही. कप्तान कापडदुकानदार मल्लप्पांकडं गेला. शत्रू माझ्याकडं आला, आणि खरं सांगते, मला तो मनापासून आवडला.

हा नियम सरांनी किती कसोशीनं पाळला! माझी धर्माबादला बदली झाली तेव्हा कादंबरी छपाईसाठी नव्यानं उतरवताना मधल्या एका प्रकरणात अडलेलं माझ्या सेनापतीचं एक वाक्य विचारायला सर दोन एसट्या बदलून आले. मी तपासणीच्या कामात अडकलेली. सर शाळेच्या लिंबाखाली बसून राहिले आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून वाक्याविनाच परत गेले. ते प्रकरण माझी गाठ पडेपर्यंत तसंच अडून राहिलं. मी म्हणाले, "तुम्हीच काहीतरी लिहायचं होतंत, सर." तर म्हणाले, "मी लिहिलं असतं तर तो तुमच्यावाणी भांडला नसता." यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा हिशोब मी अजून लावलेला नाही.

माझी बदली व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात पारूमावशींना कावीळ झाली. पाणीच तसलं होतं. मावशी लातूरच्या दवाखान्यात होत्या आणि इथं त्यांची घागर रांगेत होती. आमच्याकडं रांगेत घागर ठेवून तिच्यात दगड टाकला, की माणूस असो नसो, नंबर त्याचाच. मावशींची लेक रेणुका आईजवळ होती, म्हणून सर रोज ती घागर पुढं सरकवत, भरत आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवत. मावशी गेल्याची बातमी रांगेतच आली. मागून कुणीतरी ती घागर पायानं बाजूला केली. सरांना चढ्या आवाजात बोलताना मी वर्गातही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "नंबर हाय तिचा! हात लावायचा न्हाई!"

घागर हलली नाही. टँकर आल्यावर सरांनी ती भरली आणि रेणुकाच्या घरी पोचवली.

कादंबरीत मात्र मोठं संकट उभं राहिलं. सुंदराक्का शत्रूच्या सेनापतीसमोर उभी राहून बोलणार, तिथवर गोष्ट आली होती. तिच्या बोलण्यावर युद्ध थांबायचं होतं, आणि तिला बोलवणारं माणूसच उरलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला द्या, असं पुष्कळांनी सुचवलं. सर ऐकेनात. "तिच्या तोंडी शब्द घालायचा हक मला न्हाई." मग सुंदराक्का गप्पच उभी राहिली. सरांनी मला विचारलं, "बाई, तुमचा सेनापती आता काय म्हणंल?" डोळे पुसून मी एवढंच म्हणाले, "काही नाही म्हणणार. वाट बघेल."

कादंबरी तिथंच संपते. तोफ रोखलेली, सेनापतीचा हात वर, समोर सुंदराक्का, आणि तो तिच्या जबाबाची वाट बघतोय.

पुण्याच्या एका प्रकाशकांचे संपादक आमच्या शाळेत आले होते. माणूस सभ्य. चहा घेता घेता म्हणाले, संवाद जरा स्वच्छ करू, आणि दुभाषी बाईनं शेवटी बोलायलाच हवं, नाहीतर वाचकाची फसवणूक होते. सर म्हणाले, "पालकांना विचारा." मल्लप्पा दुकान टाकून आले होते. ते म्हणाले, "साहेब, माझा कप्तान तुमच्यासारखं बोलून परत आला, तं त्याला घरात कोण घेईल?" संपादक हसले. हस्तलिखित मात्र टपालानं परत आलं. मग लग्नपत्रिका छापणाऱ्या लातूरच्या एका छापखान्यात 'तिसऱ्या चंद्रावरची बोली' छापली गेली. मुखपृष्ठावर चंद्र आणि त्याच्याभोवती पत्रिकेचीच वेलबुट्टी. पुस्तक आहे की आमंत्रण, असं लोक विचारायचे. शेवट जमला नाही, असं एका समीक्षकांनी लिहिलं. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

इतकी वर्षं ते पुस्तक असंच हातोहात फिरलं. यंदा त्याच प्रकाशनाचा फोन आला. आता बोलीला मागणी आहे म्हणे! संवादांना हात लावणार नाहीत. मोठी आवृत्ती काढतील, महाराष्ट्रभर पोचवतील. अट एकच, सुंदराक्काला शेवटी एक पानभर बोलू द्या. फोनवरचा तरुण हेही म्हणाला, "सर, वयाचा विचार करा. तुमच्या डोळ्यांदेखत पुस्तक सगळीकडं जाईल."

हे वाक्य ऐकून माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो इथं नोंदवून ठेवते. सरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, हे खरं. हे पुस्तक आपल्या हयातीत दूरवर जावं, असं त्यांना वाटतं, हेही खरं. त्यांनी ते मला बोलून दाखवलं आहे. गौरव समितीतल्या काही मंडळींनीही 'एक पानच तर आहे, द्या' असा सल्ला दिला. ही मंडळी हा लेख वाचतीलच. वाचा.

सर म्हणाले, "माझ्या हातात न्हाई. रेणुकाला विचारू." आम्ही दोघं शिरूरला गेलो. आईची गिरणी आता रेणुका चालवते. सरांना वरच्या घराचा जिना चढवत नाही, म्हणून तिनं खालीच गिरणी बंद केली, हात झटकले. सरांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पुस्तक किती दूर जाईल, हेसुद्धा सांगितलं. मग म्हणाले, "आता तूच वारस. तू म्हणशील तसं. तुला तिच्यासाठी बोलायचं असंल तर बोल."

रेणुका म्हणाली, "मामा, माय असती तं काय बोलली असती, मला न्हाई ठावं. उगं बनवून कामून सांगू? ती उभी हाय ना तिथं?"

"हाय."

"तो दुश्मन वाट बघून राहिला ना?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "बघतोय. मी आहे तोवर बघेल."

"मग ऱ्हाऊ द्या तिला. तिचा नंबर तिलाच असू द्या."

सरांनी तिथूनच फोन लावला. नाही म्हणाले, नमस्कार म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, असं मी म्हणणार नाही. होतं. पण परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "बाई, आपण पुन्हा त्या लग्नपत्रिकावाल्याकडंच जायचं का?" आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं हसत सुटलो.

ती आवृत्ती आता आम्हीच काढतोय. जशी आहे तशी, वेलबुट्टीसकट.

सर, अशा ग्रंथात शेवटी आयुरारोग्य चिंतायचं असतं. मी ते हात जोडून मागणार नाही, हक्कानं मागते. मल्लप्पा गेले, पारूमावशी गेल्या, कप्तान आणि सुंदराक्का तुमच्या भरवशावर उभे आहेत. माझा सेनापती हात वर करून थांबलाय, आणि त्याला तो खाली घ्यायला सांगणारं अजून कुणी नाही. मागं ढकलणारे पुष्कळ आहेत, उद्याही येतील. तेव्हा शंभरी गाठा, औषधं वेळेवर घ्या, आणि रांगेतून हलू नका.