नंतर सांगते

ऑफिसात दुपारी आम्ही पाचजणी एकत्र डबा खातो. सुनंदाला ऐकू येत नाही. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं समजून घेते. काल कुणीतरी विनोद केला, सगळ्या एकदम हसलो आणि माझी नजर सहज तिच्याकडे गेली. तिने आधी आमचे चेहरे पाहिले, मग ती हसली.

चार वर्षं ती माझ्या शेजारी बसते. सुरुवातीला ती विचारायची, “काय झालं गं?” मी म्हणायचे, “काही नाही, नंतर सांगते.” ते नंतर कधी आलंच नाही. पुढे तिने विचारणं सोडलं आणि मला वाटलं, ती रुळली. ‘उद्याचं आपलं ऑफिस सर्वांना सामावून घेणारं असेल’, हे वाक्य गेल्याच महिन्यात मी वार्षिक अहवालात लिहिलं. साहेबांना ते फार आवडलं.

काल मात्र नव्यानेच रुजू झालेल्या रेश्माने हातातला घास खाली ठेवला, सुनंदाकडे तोंड केलं आणि तो विनोद पहिल्यापासून पुन्हा सांगितला.

“एवढंच?” सुनंदा म्हणाली. “मला वाटायचं, तुम्ही रोज किती मजेचं बोलत असाल!”

पुन्हा हशा झाला. मी डब्यात पाहत राहिले. तिला सॉरी म्हणायचं होतं. पण त्यासाठी तिच्याकडे तोंड करून बोलायला हवं होतं, आणि माझी मान काही वर होईना.