फालशाचं शरबत

कचेरीत साहेबापुढे कागद मांडणारे एक पेशकार माझ्या शेजारी एकटे राहायचे. हैदराबादहून बदलून आलेले. बोलताना दर वाक्यानंतर ते जरा थांबत. समोरच्याला मधे बोलता यावं म्हणून असेल. पण धाराशिवात त्यांच्याशी बोलणारं फारसं कुणी नव्हतं.

उन्हाळ्यात शुक्रवारच्या सुट्टीला ते सोलापूरच्या मोटारीनं भुशात गुंडाळलेला बर्फ मागवायचे. बादलीत बर्फ आणि खडेमीठ, मधे फालशाच्या आंबटगोड जांभळ्या फळांच्या रसाचं कल्हईचं भांडं. ते सारखं फिरवत राहावं, तेव्हा कुठं रस गोठायचा. एकट्याचे हात भरून येत, म्हणून ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे, मला शाळामास्तराला तर हमखास, "मास्तरसाब, चार फेरे तुमचे बी!" जो फिरवील त्याला वाटी. आम्ही त्याला बर्फ म्हटलं, की ते चिडलेच. "घट्ट झालं म्हणून नाव बदलतं व्हय? शरबतच हाय हे."

निजामाच्या शेवटच्या उन्हाळ्यात गावात हिंदू-मुसलमान असे दोन तट पडले. तरी एका शुक्रवारी भांड्याची घरघर ऐकू आली. "मास्तरसाब," ते एकदाच म्हणाले. लोक काय म्हणतील या धाकानं मी दाराआडच उभा राहिलो. घरघर थांबत थांबत बराच वेळ चालली. मग माझ्या उंबऱ्यावर वाटी ठेवल्याचा आवाज आला.

एकही फेरा न देता मिळालेली ती एवढीच वाटी. गल्लीत कुणी नाही याची खात्री करून मी दार उघडलं, तोवर ती कोमट झाली होती.