भावजींचा खरा पत्ता

भांडण भिंतीपलीकडे चाललं होतं. मी भांडी विसळत होते. नीट ऐकू यावं म्हणून नळ बंद केला.

“दवाखान्यालासुद्धा खोटा पत्ता दिलात?” माझी धाकटी जाऊ ओरडत होती.

“खोटा नाही गं, वेगळा. पत्र येतं माझ्याच पेटीत.”

“माझ्या डोळ्याचा प्रश्न आहे, आणि तुम्हाला जाहिरातींची पडलीय!”

भावजी म्हणजे माझे दीर, शिंपी. शिवायला आलेल्या प्रत्येक कापडाला चिठ्ठी टाचायचे, म्हणजे एकाचं दुसऱ्यात जायला नको. ईमेलचंही तसंच. खरी पेटी एकच, पण दोरेवाल्याला एक पत्ता, बटणवाल्याला दुसरा, मशीनवाल्याला तिसरा. सगळ्यांची पत्रं त्याच पेटीत पडायची. फालतू जाहिरात आली की ती कुठल्या पत्त्यावर आली ते बघायचं; कुणी पत्ता वाटला ते कळायचं. मग तो पत्ता कायमचा कापायचा.

“वहिनी, चोर घरबसल्या सापडतो,” म्हणायचे.

खरा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. मी म्हणायचे, “लग्नात तरी मुलीकडच्यांना खरा दिला होतात ना?”

जाऊ हातानं काज करायची. एका डोळ्याचं बुबुळ पांढरं पडलं आणि दुसराही मंदावत चालला. दवाखान्यानं यादीत नाव घातलं. कुणी मरताना दान केलेलं बुबुळ मिळालं की बोलावणं ईमेलनं येणार होतं. फोनवरही जाहिराती येतात म्हणून भावजींनी नंबरसुद्धा दिला नव्हता.

एका शुक्रवारी मी माझ्या डोळ्यांचे थेंब आणायला त्याच दवाखान्यात गेले. खिडकीवरची बाई आम्हा दोघींना ओळखायची. नाव ऐकताच म्हणाली, “तुमच्या जावेला पाठवलेलं पत्र दोनदा परत आलं. बुबुळ मिळालंय. चारपर्यंत होकार नाही आला तर पुढच्या पेशंटला जाईल.”

घड्याळात साडेतीन. मी फोन लावला.

“भावजी, दवाखान्याला दिलेला पत्ता चालू आहे ना?”

पलीकडे शिलाई मशीन थांबलं.

“कापला. सोमवारी. त्यावर चष्म्याच्या जाहिराती यायला लागल्या होत्या.”

“मग जोडा की परत!”

“कापलेला जुळत नाही, वहिनी.”

मी बाईला म्हटलं, “मीच सांगते ना, हो म्हणून.”

“तोंडी चालत नाही, आजी. पत्राला उत्तर लागतं. दुसरा पत्ता द्या, आत्ता पाठवते.”

“थांबा, नवीन तयार करतो,” भावजी फोनवर म्हणाले. पेटी उघडीच होती, पण नवीन पत्त्यासाठी लागणारा पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. पावणेचार झाले. मागून कुणीतरी म्हणालं, “आजी, पत्ता सांगताय की जन्मकहाणी?”

तेवढ्यात फोनवर जावेचा आवाज आला. “द्या इकडे. जाऊबाई, त्या बाईंना फोन द्या.”

आणि तिनं खरा पत्ता सांगितला. एकेक अक्षर, खणखणीत. सगळ्या रांगेनं ऐकला.

“अगं हळू! आणि तुला कसा ठाऊक?” मागून भावजी.

“वीस वर्षं पुटपुटत टाइप करताय. मी आंधळी होतेय, बहिरी नाही!”

बाईनं पत्र पाठवलं. मी घड्याळाकडे बघायचं सोडलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. चार वाजायला चार मिनिटं होती, तेव्हा ती म्हणाली, “आला होकार.” मी तिथल्याच बाकावर बसले. थेंब घ्यायचे राहूनच गेले.

नवं बुबुळ बसवलं. वर्षभरात जाऊ पुन्हा काज करू लागली. पण तो खरा पत्ता कुठून कसा फुटला कोण जाणे, जाहिरातींचा नुसता पाऊस. जाऊच म्हणाली, “दवाखान्याला नवीन पत्ता द्या, हा मोडा.”

“नको,” भावजी म्हणाले. “तुझी पत्रं यावर येतात. राहू दे.” रोज सकाळी एकेक जाहिरात पुसत बसायचे.

मागच्या वर्षी ते अचानक गेले. त्या दिवशी सकाळीही तिला तपासणीला घेऊन गेले होते. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, “पत्ता तोच?” म्हणाले, “तोच.” घरी येऊन अकरा जाहिराती पुसल्या, तिच्या पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि चहा मागितला.