गुणाजी पालवांचं प्रेशर

गुणाजी पालव हृदयरोगाच्या संशोधनात कसे आले, याचं सरळ उत्तर असं की संपात गिरणी बंद पडली म्हणून आले. त्या संपाने पुष्कळांची आयुष्यं मार्गी लावली. कोणी भाजी विकायला बसला, कोणी सोसायटीचा वॉचमन झाला, कोणी गावी जाऊन भावाशी जमिनीवरून भांडू लागला. शास्त्राकडे वळलेले लालबागच्या आमच्या चाळीतले एकटे गुणाजी.

त्याआधी ते साळखात्यात, म्हणजे गिरणीत कापड विणतात तिथे, जॉबर होते. जॉबर म्हणजे साच्यांच्या, अर्थात मागांच्या, एका रांगेचा आणि ते साचे चालवणाऱ्या माणसांचा मुकादम. त्याची इज्जत एकाच गोष्टीवर ठरायची: पाळी सुरू झाली की एकही साचा रिकामा दिसता कामा नये. कायम कामगार गावी गेला किंवा आजारी पडला, की जॉबर गेटवर यायचा, तिथे ताटकळणाऱ्यांतून एक बरासा माणूस उचलायचा आणि त्या साच्यावर उभा करायचा. ही बदली. नंबर कायमवाल्याचा, हात बदलीचे. कापड कोणी विणलं हे कापडावर दिसत नाही, आणि तसं कधी कोणी विचारतही नाही.

गुणाजींचे वडीलही त्याच खात्यात होते. पन्नाशीही गाठली नव्हती, तेव्हा एका दुपारी दोन साच्यांच्या मधे छातीवर हात ठेवून खाली बसले ते उठले नाहीत. पाळी संपायला वेळ होता. साचा रिकामा ठेवता येत नव्हता. त्या वेळच्या जॉबरने गेटवरून बदली आणला. तो बदली गुणाजी होते.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा गुणाजी म्हणाले, "शिमग्यापर्यंत मिटेल." मग गणपतीपर्यंत म्हणाले, मग दिवाळीपर्यंत. पुढे त्यांनी सणांची नावं घेणं सोडून दिलं.

दोनेक वर्षांनी परळच्या एका इस्पितळात डॉक्टर सरोजिनी कोठारे यांनी आपला अभ्यास सुरू केला. बाई गिरगावच्या, खोताच्या वाडीच्या पलीकडे राहणाऱ्या, वयाने तरुण आणि स्वभावाने हट्टी. हृदयविकाराचा झटका आल्यावर सगळेच धावतात; तो येऊच नये म्हणून काय करता येईल, हे त्यांना बघायचं होतं. विभागातल्या ज्येष्ठांना हे काम जरा हलकं वाटे. झालेला रोग बरा केला तर पेशंट पेढे आणतो. न झालेल्या रोगाचे पेढे कोण आणणार?

बाईंनी परळ-लालबागचे तीनशे गिरणी कामगार निवडले. पाच वर्षं, दर तीन महिन्यांनी, प्रत्येकाचं प्रेशर आणि वजन बघायचं. मधल्या काळात त्याने मीठ कमी करायचं, तेल कमी करायचं, विडी सोडायची आणि रोज चालायचं. यातलं तेल संपाने आधीच कमी केलं होतं, आणि बसचे पैसे नसल्यामुळे चालणंही जोरात होतं. राहिलं मीठ आणि विडी. सुकटीवर वाढलेल्या माणसांना बाई मिठाबद्दल सांगत, आणि ती मान डोलवत. विडीबद्दल सांगत तेव्हा ती बाहेर जाऊन विचार करत, विडी ओढता ओढता.

पहिल्या खेपेला सगळे आले. पाहुणचार म्हणून दोन केळी आणि बिनमिठाचे उकडलेले चणे होते. दुसऱ्या खेपेला निम्मेही आले नाहीत. यात चण्यांचा हात किती, हे शास्त्राने तपासलं नाही. भातलावणीचे दिवस होते, माणसं कणकवलीला आणि देवगडला पांगली होती. बाई रिकाम्या बाकांकडे बघत बसल्या. अभ्यासातली माणसं गळाली की अभ्यास गळतो, आणि अभ्यास गळला की त्यांना आयुष्यभर इतरांच्या पेशंटांच्या ईसीजीच्या पट्ट्या काढत बसावं लागणार होतं.

गुणाजी हजर होते. सवयीने सगळ्यांच्या आधी येऊन उभे राहिल्यामुळे त्यांना पहिल्याच दिवशी यादीतला पहिला, एक नंबर मिळाला होता.

"काय झालं, बाई?"

"माणसंच नाहीत, पालव. मला प्रत्येक वेळी सगळे नंबर भरलेले हवेत. एकही रिकामा नको."

गुणाजींना कितीतरी महिन्यांनी कोणीतरी ओळखीच्या भाषेत बोललं. ते उठून उभे राहिले. "एवढंच ना? सोडा माझ्यावर."

बाईंनी त्यांना हंगामी मदतनीस म्हणून घेतलं. पुढच्या खेपेपासून एकही नंबर रिकामा राहिला नाही. लावणी असो, गणपती असो, शिमगा असो, नंबर पुकारला की "हो" आलंच. ज्येष्ठ डॉक्टर लोक खिडकीतून ती रांग बघून जात. प्रेशर मोजायला दर खेपेला विद्यार्थ्यांची नवी तुकडी असे, त्यांना सगळेच कामगार सारखे दिसत. वजनं वरखाली होत, ती पथ्यामुळे होतात असं मानलं जाई. उंची पहिल्याच वेळी मोजून ठेवलेली होती, कारण मोठ्या माणसाची उंची बदलत नाही असा शास्त्राचा समज आहे.

आणि प्रेशर उतरू लागलं. हळूहळू उतरलं, पण सगळ्या रांगेचं उतरलं. बाईंनी निबंध लिहिला, तो परदेशी नियतकालिकात छापून आला. विडी न सोडता, सुकट न सोडता, नोकरी गेलेली असताना लालबागच्या माणसांची हृदयं सुधारत होती, आणि याचं जगाला कौतुक वाटलं. बाईंना परदेशातून तीन वर्षांच्या कामाचं बोलावणं आलं. निबंधाच्या शेवटी आभारांत गुणाजींचं नाव होतं. ते चाळीत सगळ्यांना दाखवून झालं. हिंदमात्याहून कापड आणून त्यांनी सफारी शिवला, शिंप्याला "ताणा बरा आहे, बाणा भिकार आहे" असं सुनावलं, आणि तो घालून ते घराघरांत मिठाबद्दल बोलू लागले.

घरी बायकोवर, सुभद्राबाईंवर, या व्याख्यानांचा परिणाम होत नसे. त्यांचं लक्ष गुणाजींच्या जिना चढण्याकडे होतं.

"तुमी दुसऱ्या माळ्यार बसतास कित्याक?"

"गॅस."

"रोज त्याच पायरेर गॅस?"

"तू लोणचं घालतंस, म्हणान."

"आनी तुमचा प्रेशर कोण बघता?"

"मी रांगेत घुसलंय तर रांग कोण बघतलो? लहू आसा ना."

लहू त्यांचा भाचा, नायगावला राहणारा, कुस्ती खेळलेला, छाती दाराएवढी. रांग सांभाळायची म्हणून एक नंबरवर गुणाजींनी त्याला लावून दिला होता. निदान कारण तरी हेच सांगत. सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे नीट बघितलं. सासरे कसे गेले ते त्यांनाही ठाऊक होतं.

"लहूचा बरा आसा. मगे तुमचा खंय आसा?"

यावर गुणाजींनी रेडिओ लावला.

पाचव्या वर्षी इस्पितळाने गुणाजींना कायम करायचं ठरवलं. गिरणीबरोबर हा शब्द त्यांच्या आयुष्यातून गेला होता, तो परत येत होता. फक्त कायम होण्याआधी डॉक्टरी तपासणीत पास व्हावं लागणार होतं. लहूने विचारलं, "मामा, मी येऊ?" गुणाजींनी विचार केला. पण इस्पितळाचा शिपाई त्यांना चेहऱ्याने ओळखत होता, आणि तपासणी स्वतः कोठारेबाई करणार होत्या. रांग बघायची आहे ही सबबही आता नव्हती. गुणाजी सफारी घालून एकटे गेले.

बाईंनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. यंत्र बदललं. वरचा आकडा दोनशेच्या खाली यायला तयार नव्हता.

"पालव, पंधरा दिवसांपूर्वी तुमचं एकशेवीस होतं."

"ते लहूचं, बाई."

"कोण लहू?"

"माझा भाचा. एक नंबरवर बदली आहे. चांगला पोरगा, कधी खाडा नाही त्याचा."

बाईंनी हातातला रबरी फुगा खाली ठेवला. "आणखी किती बदली आहेत?"

"ते सीझनवर असतं. आता कमी. गणपतीत निम्मे." मग गुणाजींना वाटलं, आपल्या कामाबद्दल शंका घेतली जाते आहे. "पण नंबर रिकामा नाही ठेवला, बाई. तुम्हीच सांगा, राहिला कधी?"

"आणि माणसं कशी निवडायचात?"

"धडधाकट बघून. आजारी माणूस उभा करून तुमचं नाव घालवू काय?"

बाईंनी त्यांच्या दंडाचा पट्टा सोडला. एवढंच म्हणाल्या, "मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तुम्ही नंबर भरलेले मागितलेत."

ते खरं होतं. बाईंनी त्यांना तिथेच झोपवून हृदयाचा आलेख काढला. तो बघून त्यांनी गुणाजींना घरी जाऊ दिलं नाही. आठवडाभर गुणाजी वॉर्डात पडून होते, आणि बिनमिठाची आमटी कशी लागते हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

ज्येष्ठांनी बाईंना समजावलं की निबंध छापून झाला आहे, परदेशात लालबाग कोण बघायला येतंय, चूक वाटत असेल तर पुढच्या निबंधात एखादी तळटीप घाल. बाईंनी नियतकालिकाला कळवून निबंध मागे घेतला. परदेशचं बोलावणंही मागे गेलं. इकडे गुणाजी तपासणीत नापास झाले, त्यामुळे कायम व्हायचे राहिले. दोघांची नोकरी एकाच पट्ट्याने मोजली गेली.

हृदयविकार टाळण्याच्या त्या पाच वर्षांच्या अभ्यासातून खात्रीने वाचलेला माणूस एकच. शास्त्राच्या हिशेबी एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही. सुभद्राबाईंना तो पुरेसा होता. गोळ्या त्या स्वतः देत, समोर उभं राहून गिळायला लावत, आणि लोणच्याची बरणी त्यांनी शेजारी नेऊन ठेवली. गुणाजी दुसऱ्या माळ्यावर अजून थांबत, पण आता बसत नसत.

बाईंनी अभ्यास पहिल्यापासून सुरू केला. या वेळी माणसं थोडी घेतली, प्रत्येकाला चेहऱ्याने ओळखायला शिकल्या आणि प्रेशर स्वतः मोजू लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी एकच नियम सांगितला: ज्याचा नंबर त्यानेच यायचं, बदली चालणार नाही, माणूस गावी गेला तर नंबर रिकामा राहू दे. हे वाक्य म्हणायला त्यांना त्रास झाला. ऐकायला गुणाजींना त्याहून जास्त झाला. ते पुन्हा एक नंबर होते, आता निव्वळ पेशंट म्हणून. पगार नव्हता, रांग मात्र तेच लावत. ते काम त्यांना कोणी दिलं नव्हतं आणि कोणी काढूनही घेतलं नव्हतं.

असंच एका सकाळी गुणाजींनी बाही वर करून हात टेबलावर ठेवला. समोर उत्तम नावाचा नवा, हसऱ्या चेहऱ्याचा डॉक्टर होता.

"बाई कुठे?"

"दिल्लीला गेल्यात, काका. मीटिंग आहे. आज त्यांच्या जागी मी."

गुणाजींनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. पोरगा धडधाकट होता. गेटवर उभा असता तर त्यांनी त्याला नक्की उचलला असता.

त्यांनी बाही खाली केली, बटण लावलं. "नको, डॉक्टर. इथं बदली चालत नाही. बाई आल्या की येतो."

"अहो काका, प्रेशर तर तुमचंच आहे ना?"

"माझंच आहे. म्हणून तर."

ते उठले आणि चालू लागले. जॉबर उठल्यावर मागची रांग बसून कशी राहणार? तीही उठली. त्या दिवशी सगळे नंबर रिकामे राहिले. गुणाजी पालवांच्या उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच.