ब्लेझरच्या अस्तरातला ताईत

देवीवर माझा विश्वास आहे, असं मी मुलीबरोबर परदेशी जाईपर्यंत समजत होतो. आता वाटतं, तो विश्वास कमी आणि घाबरटपणाच जास्त होता. आर्वीत माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. सकाळी मशीनला हात लावण्याआधी आमच्या देवीला, मातामायला नमस्कार, कापडाला कात्री लावण्याआधी नमस्कार, कुणाचं ब्लाउज बिघडलं तर पुन्हा नमस्कार. असा माणूस स्वतःला भक्त म्हणवून घेतो आणि लोकही माना डोलावतात. परदेशातल्या एका हॉलच्या दारात माझी ही भक्ती दहा मिनिटंसुद्धा टिकली नाही. लिहायला लाज वाटते, पण ते लपवलं तर पुढचं सांगण्यात काही अर्थ उरत नाही.

माझी मुलगी गौरी बारा वर्षांची. बुद्धिबळ ती शाळेत शिकली. घोडा अडीच घरं जातो, यापलीकडे मला त्यातलं काही कळत नाही. मुलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड झाली. स्पर्धा जॉर्जिया नावाच्या देशात होती, आणि नकाशात तो देश शोधण्यातच आमची एक संध्याकाळ गेली. एसटी स्टँडवर सगळी गल्ली निरोपाला आली होती. निघताना तिच्या आईने माझ्या हातात तांब्याचा छोटा ताईत ठेवला. आत मातामायचा अंगारा होता. "पोरीच्या गळ्यात बांधजा," ती म्हणाली. गौरीने तिथल्या तिथे मान हलवली. खेळायच्या हॉलच्या दारात यंत्राने तपासतात, अंगावर धातूचं काही असलं की ते वाजतं, असं तिने आम्हाला समजावून सांगितलं. मी "बरं बरं" म्हणत ताईत खिशात टाकला.

पहिले तीन डाव ती हरली. पालकांना आत सोडत नसत, त्यामुळे मी रोज बाहेरच्या बाकावर बसून असे. ती बाहेर यायची, माझ्या शेजारी बसायची आणि बुटांची लेस सोडून पुन्हा बांधायची. गल्लीतून फोन यायचे. मी उचलत नव्हतो. तिच्या आईशी बोलताना आवाज कोरडा ठेवायचो. मातामाय शेताच्या बांधावर, कडुनिंबाखाली बसणारी देवी. ती एवढ्या लांब कशाला येईल, असं वाटायला लागलं होतं. या विचाराची मला भीती वाटायची आणि तो मनातून जातही नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी गौरी बाकीच्या मुलींबरोबर जेवायला गेली आणि ब्लेझर माझ्याकडे ठेवून गेली. तो ब्लेझर मीच शिवलेला. सुई-दोरा माझ्या खिशात कायमचाच असतो. मी अस्तराची खालची शिवण उसवली, ताईत आत सरकवला आणि वरून तुरपाई केली. अशी बारीक केली की माझी मलाच जागा सापडू नये. यंत्र वाजेल हे मला माहीत होतं. पण मातामायचा ताईत कसा वाजेल, असं माझ्या अकलेने ठरवून टाकलं. समोर लोकांचे जाड कोट ठेवून घ्यायची एक खिडकी होती. तिथे काळ्या कपड्यातली, डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी बसायची. दोरा तोडायला मी तिच्याकडून खुणेने कात्री मागून घेतली. तिने माझं काम पाहिलं आणि बोटांनी छान अशी खूण केली. मी अगदी सुखावलो.

तीन वाजता फेरी सुरू व्हायची. दारात यंत्र वाजलं. गौरीला मागे घेऊन पुन्हा तपासलं, पुन्हा वाजलं. तिला एका टेबलापाशी बसवून ब्लेझर उतरवायला लावला. एका पंचाने खालची शिवण चिमटीत धरली, तर आत काहीतरी टणक लागलं. बाहेरून कुणी चाली कळवायचं छुपं यंत्र असावं, अशी त्यांना शंका आली. माझी ती साफ तुरपाईच त्यांना जास्त खटकली. तिकडे आत तिचं घड्याळ सुरू झालं होतं. अर्ध्या तासात ती पटावर पोचली नाही तर डाव जाणार, आणि शंका खरी ठरली तर पुढचे सगळेच. मला आत बोलावलं. माझं इंग्रजी मापं लिहिण्यापुरतं, त्यामुळे गौरीच मला सांगत होती.

"बाबा, हे म्हणून राह्यले का आत काही यंत्र हाय. इच्यात कोनं ठेवलं, विचारून राह्यले."

मी त्या पंचांकडे पाहिलं, त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रांकडे पाहिलं.

"मले काई माहीत नाई," मी म्हणालो.

तिने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बापाचं खोटं पोरीने खरं मानून पुढे पोचवलं. मग ते तिलाच पुन्हा पुन्हा विचारू लागले आणि ती नुसती मान हलवत राहिली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. तरी मी मातामायला मनातल्या मनात काय मागत होतो? पोरीची सुटका नव्हे. मी पकडला जाऊ नये, एवढंच. यापेक्षा खाली माणूस जाऊ शकतो का, मला ठाऊक नाही.

तेवढ्यात ती म्हातारी आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं नाही, पंचांना काही सांगितलं नाही. तीच कात्री तिने माझ्या हातात ठेवली आणि बाजूला उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी कदाचित तेव्हाही नाकबूल केलं असतं. राग नव्हता.

"मीच ठेवलं," मी गौरीला म्हणालो. "सांग त्यायले, बापानं ठेवलं. पोरीले माहीत नव्हतं म्हन."

"काऊन, बाबा?" का ठेवलं, एवढंच तिने विचारलं आणि मग पंचांकडे वळून सांगितलं.

मी माझ्या हाताने तुरपाई उसवली. ताईत टेबलावर पडला, त्याचं टोपण निघालं आणि राखाडी भुकटी सांडली. ती पाहून पंच दोन पावलं मागे सरकले. आता ही कसली पूड, हे मी कोणत्या भाषेत सांगणार होतो? म्हातारी पुढे झाली. तिने चिमूटभर अंगारा उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. मग गळ्यातली एक छोटी शिवलेली कापडी पिशवी काढून ताईताशेजारी ठेवली आणि मोठ्या पंचांशी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. ती काय बोलली ते मला आजही माहीत नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गौरीला आत जायची खूण केली. अर्धा तास व्हायला चार मिनिटं उरली होती. ब्लेझर तिथेच टाकून ती गेली.

तोही डाव ती हरली. पुढच्या डावांपैकी एक जिंकला, बाकीचे गेले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी येकटी खेळू शकत नाई, असंच वाटलं ना तुमाले?" ते खरंच होतं. ताईत मी तिच्यासाठी ठेवलाच नव्हता, माझ्या भीतीपोटी ठेवला होता. देवीच्या हवाली केलं म्हणायचं आणि दोरा मात्र आपल्याच हातात ठेवायचा, आयुष्यभर मी हेच करत आलो.

गावी सांगितलं तेव्हा लोक म्हणाले, ती म्हातारी म्हणजे मातामायच होती. मी वाद घालत नाही. निघायच्या दिवशी मी त्या म्हातारीच्या पाया पडायला वाकलो, तर बिचारी दचकून मागे सरली आणि कुणाचा तरी कोट आणायला आत गेली. आर्वीला आल्यावर रिकामा ताईत मी कडुनिंबाखाली मातामायपुढे ठेवला. काही मागायचं सुचलं नाही.

गौरी आता नागपूरला खेळायला जाते, मी सोबत असतो. हॉलच्या दाराशी ती थांबते, ब्लेझरच्या कडेवरून बोटं फिरवते आणि विचारते, "बाबा, काई ठेवलं नाई ना?" ती हसून विचारत नाही. मी दोन्ही हात उघडून दाखवतो. "काई नाई. जाय."

मग ती आत जाते. मी खोटं बोललो होतो, हे तिला माहीत आहे. तरीही ती माझं 'नाई' खरं मानून जाते. मातामायकडे याहून जास्त मागायचं धाडस आता मला होत नाही.